बॉस्को आकडे पुकारायचा

बॉस्कोच्या बायकोचा, आयरीनचा, फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी शर्टाला इस्त्री करत होतो. “सुधीर, बॉस्को गेला रे...” एवढंच ती म्हणाली. मग ती गप्प आणि मीही गप्प. फोन मात्र कोणीच ठेवला नाही. समोरचा माणूस अडला तर त्याला घाई करायची नाही, त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, ही सवय आम्हां दोघांनाही बॉस्कोनेच लावली होती. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं, चहा प्यायला, जरा पडतो म्हणाला, तो उठलाच नाही. पासष्ट काही जायचं वय नव्हे. पण गेला. आज पाच आठवडे झाले, आणि गंमत अशी की त्याची आठवण आली की मला रडू कमी आणि हसू जास्त येतं. त्याबद्दल तो मला रागावणार नाही.

आम्ही दोघं अंधेरी पूर्वेचे. तो गावठाणातला, पिढ्यान् पिढ्या तिथलाच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळ मराठी ख्रिस्ती. भाताची खाचरं गेली तरी घरामागे मुळा-माठ पिकवणाऱ्या घरातला. मी गावठाणाला लागून असलेल्या चाळीतला, वडील मूळचे देवगडकडचे, गिरणीत कामाला. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर. बॉस्को तोतरा होता. बोलायला तोंड उघडलं की पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची. माझ्या नावातला ‘सु’ त्याला काही केल्या पार होत नसे, म्हणून त्याने तो काढूनच टाकला आणि मला ‘धीर’ म्हणू लागला. अख्ख्या जगात मला या नावाने हाक मारणारा तो एकटाच.

हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणावं लागे. बॉस्को ‘प्...प्...’ करेपर्यंत सर चार नावं पुढे गेलेले असत. पाचवीच्या वर्षाअखेरीस रोज शाळेत येणारा हा मुलगा निम्मे दिवस गैरहजर निघाला. त्याची आई, आमची मेरीमावशी, भाजीची पाटी तशीच डोक्यावर घेऊन वर्गात आली. “मास्तर, माझा पोऱ्या एवढा थोरला, बाकड्यावर बसलेला दिसत नाय तुमाला? कानानंच बघता काय?” सरांनी मुकाट्याने हजेरीपट दुरुस्त केला. पण त्या दिवसापासून मावशीने एक गोष्ट मनाशी ठरवूनच टाकली... बॉस्कोच्या वतीने आपण बोलायचं. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, कोणी त्याला काही विचारलं की उत्तर मावशीचं. तो विशीत आला तरी तसंच. मायेने करत होती बिचारी. पण त्यामुळे बॉस्को जवळजवळ मुकाच झाला.

ऐंशीच्या दशकात वडलांची गिरणी बंद पडली आणि मी कामाच्या शोधाला लागलो. गावठाणातली बरीच मुलं तेव्हा जहाजावर जायची. बॉस्कोच्या चुलतभावाने आम्हां दोघांना फोर्टातल्या एका एजंटाकडे नेलं. “तुम्ही जोडीने जा,” मावशी मला म्हणाली, “तिथं त्याच्या वतीनं तू बोल.” मी हो म्हणालो. मला तरी कुठे इंग्रजी येत होतं! पण चार-सहा महिन्यांत आम्ही दोघं खरंच इंग्लंडच्या बंदरातून सुटणाऱ्या एका भल्यामोठ्या क्रूझवर होतो. मी तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीत, वाफेत आणि चादरींच्या ढिगात. तो वर, मोठ्या लाउंजमध्ये. त्याचं काम रिकाम्या कप-बशा उचलायचं. तोंड उघडायची गरज नाही, म्हणून तो खूश होता.

आमच्या जहाजावर बहुतेक प्रवासी म्हणजे पेन्शनीतले गोरे आजी-आजोबा. रोज दुपारी चहानंतर लाउंजमध्ये बिंगो व्हायचा. बिंगो म्हणजे आपला हौजीच. एक ते नव्वद आकडे, प्रत्येकाच्या हातात तिकीट, तारेच्या गोल पिंजऱ्यातून एकेक चेंडू काढून आकडा पुकारायचा, ज्याचं तिकीट आधी भरेल तो जिंकला. पुकारणारा चमकदार जाकीटवाला एक गोरा साहेब होता. या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्या बिंगोत एवढा अडकलेला, की बंदर आलं तरी काही जणी खाली उतरायच्या नाहीत.

एकदा बिस्केच्या उपसागरात समुद्र जाम खवळला. जहाज असं डोलू लागलं की लॉन्ड्रीतली बादली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आपली आपण फिरत होती. अर्धे प्रवासी खोल्यांतून आडवे. जाकीटवाले साहेबही आडवे, चेहरा दुधीसारखा. लाउंजमध्ये सगळीकडे चहा सांडलेला, म्हणून मला कोरड्या टेबलक्लॉथांचा गठ्ठा घेऊन वर पाठवलं होतं. बघतो तर काय, पंधरा-वीस म्हाताऱ्या खुर्च्यांना घट्ट धरून, हातात तिकिटं घेऊन बसलेल्या! वादळ गेलं खड्ड्यात, आमचा बिंगो कुठाय? लाउंजचा मुकादम, हेड स्ट्युअर्ड, घाम पुसत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या, कानाला यंत्र लावलेल्या एका आजीने कप उचलणाऱ्या बॉस्कोकडे बोट केलं. “हा मुलगा पुकारेल. याचे हात स्थिर आहेत, एकही कप सांडला नाही याने.”

हेड स्ट्युअर्डला बॉस्कोचं माहीत नव्हतं. बॉस्को कधी बोललाच नव्हता, तर माहीत कसं असणार! त्याने बॉस्कोला धरून पिंजऱ्याजवळ उभं केलं. बॉस्कोने चेंडू काढला. त्रेचाळीस. फॉर्टी थ्री. “फ्...फ्...फ्...” फक्त समुद्राचा आवाज आणि कपाटातल्या काचांची किणकिण. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी बाकावर शेजारी बसून शेकडो वेळा पाहिलेली... माझ्या वतीने तू बोल. मावशीला मी तसा शब्दही दिला होता. गठ्ठा खाली ठेवून मी दोन पावलं पुढे गेलो, आणि का कोण जाणे, थांबलो.

मला गावठाणातला क्रूस आठवला. मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी त्या क्रुसापुढे जमून लदीन ही प्रार्थना म्हणते. एकजण सुरात एकेक ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. मी चाळीतल्या कठड्यावर बसून ऐकायचो. आणि त्या लदीनमध्ये, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, बॉस्को कधीच अडत नसे. सूर लागला की त्याची जीभ मोकळी व्हायची.

“बॉस्को,” मी तिथूनच म्हणालो, “बोलू नकोस रे. लदीन म्हण.”

त्याने डोळे मिटले. आणि त्या हलत्या लाउंजमध्ये, अंधेरीच्या क्रुसापुढच्या सुरात, लांब, स्वच्छ आवाज आला... “फॉर्टी थ्रीऽऽऽ...” पुढचा चेंडू. “सेव्हन्टीऽऽ वनऽऽऽ...” तिसऱ्या आकड्याला कोणीतरी न राहवून सुरातच “थँक यू, डिअऽऽर” म्हणालं, आणि चौथ्यापासून सगळ्याच म्हाताऱ्या तसं उत्तर देऊ लागल्या. वादळात बिंगोची लदीन सुरू झाली! मी गठ्ठ्यावरच बसून घेतलं. जहाज डोलत होतं म्हणून बसलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

जाकीटवाले साहेब दोन दिवसांनी बरे होऊन आले, तर म्हाताऱ्यांनी त्यांना हाकलूनच लावलं. “आम्हांला गाणारा मुलगा हवा.” तेव्हापासून दुपारचा बिंगो बॉस्कोचा झाला. गोऱ्यांच्यात प्रत्येक आकड्याला एक टोपणनाव असतं. अठ्ठ्याऐंशीला ते ‘दोन जाड्या बायका’ म्हणतात. बॉस्कोला ते बरं वाटेना, समोरच दोन-चार तशा बसलेल्या. म्हणून त्याने आपली नावं काढली. अकरा म्हणजे मांडवाचे खांब. एक म्हणजे नारळाचं झाड. आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे फुगडी! दोन गोल आठ, हातात हात घालून गरगर फिरणारे. फुगडी म्हणजे काय, हे मात्र त्याला सांगता येईना, तेव्हा त्याने मला लॉन्ड्रीतून बोलावून घेतलं. घरी गणपतीत बहिणींबरोबर घातलेली फुगडी मला येत होती. लाउंजच्या मऊ गालिच्यावर, लॉन्ड्रीच्या ओल्या कपड्यांत, मी आणि बॉस्कोने हात गुंफून फुगडी घातली. सत्तरीच्या दोघी बहिणी उठल्या, “आम्हांलाही शिकवा.” त्यांनी हळूहळू, दोनच फेरे घेतले, पण घेतले. पुढे अठ्ठ्याऐंशी निघाला की सगळं लाउंज ओरडायचं, “फूग्डीऽऽ!”

हे सगळं मी घरी पत्रात लिहिलं होतं. मेरीमावशीचा विश्वास बसला नाही. “सुधीर थापा मारतो,” म्हणाली.

पुढच्या वर्षी आम्ही सुट्टीवर आलो ते गावठाणाच्या सणालाच. संध्याकाळी चर्चसमोरच्या पटांगणात, पताकांखाली, दरवर्षीप्रमाणे हौजी होता. दीड-दोनशे माणसं खुर्च्यांवर. सगळी ओळखीची, बॉस्कोला लहानपणापासून चिडवलेली. जहाजावरच्या परक्यांसमोर गाणं वेगळं आणि इथं वेगळं, हे मला कळत होतं. बॉस्को सरळ उठला आणि माइकजवळ गेला. मागून कोणीतरी हसत म्हणालं, “आता वाट लागली, सकाळपर्यंत चालणार यार!” मावशी पुढच्याच रांगेत होती. ती अर्धी उठली, त्याला परत आणायला. मी तिचा हात धरला. “मावशी, बस गं. एकदा बघ तरी.”

बॉस्कोने पिंजरा फिरवला, चेंडू काढला, डोळे मिटले. “सत्तावीऽऽस...” लदीनचाच सूर. “मांडवाचे खांब, अकराऽऽ...” आता लोक हसू लागले, पण वेगळं हसू. दहा आकडे, वीस आकडे, तो कुठेच अडला नाही. मागच्या रांगेतून उत्तरं येऊ लागली. “फुगडी, अठ्ठ्याऐंशीऽऽ!” म्हटल्यावर तर पाच-सहा बायका खुर्च्या सोडून खरंच फुगडी घालायला उठल्या. झकास रंगला हौजी. आणि मग साठ-सत्तर आकडे झाले तरी फुल हाऊस, म्हणजे पुरं तिकीट, कुणाचाच होईना. बॉस्को पुकारतोय, लोक एकमेकांच्या तिकिटांत डोकावतायत. माझं लक्ष मावशीच्या मांडीवर गेलं. तिकीट कोरं! पेन्सिल हातात तशीच. तिने एकही आकडा खोडला नव्हता. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी ते तिकीट घेतलं, फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, आणि ओरडलो, “अरे थांबव! तुझ्या आईचा फुल हाऊस कधीच झालाय!”

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा होता. बॉस्कोने तो खाली आणून तिच्या हातात दिला आणि काहीतरी बोलू लागला, “म्...म्...” मावशीने तोंड उघडलं, मग मिटलं. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत थांबली. “म्...मम्मा, आकडे ख्...खोडायचे असतात गं.”

हो, तोतरेपणा गेला नव्हता. तो कधीच गेला नाही. पाव मागताना, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना बॉस्को शेवटपर्यंत अडायचा. पण त्यानंतर त्याच्या वतीने कोणी बोललं नाही, आणि अडलं म्हणून तो गप्पही बसला नाही. खारदांड्याला बॉस्कोसाठी आयरीनला बघायला गेलो तेव्हा तिचे काका त्याची वाक्यं पुरी करत होते. आयरीन एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. ती म्हणाली, “अंकल, थांबा ना. त्याला बोलू दे.” नंतर तिने मला सांगितलं, “दिवसभर सगळे माझ्याशी घाईत बोलतात रे. हा पहिलाच माणूस, ज्याच्यासाठी मला थांबावंसं वाटलं.” लग्नात वेदीसमोर शपथ घेताना बॉस्को ‘मी’वरच अडकला. फादर थांबले, चर्च थांबलं. आयरीनने डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीआडून हळूच म्हटलं, “नंबर काढ.” आणि बॉस्कोने सुखात नि दुःखात साथ देण्याची ती सगळी शपथ हौजीच्या सुरात गाऊन टाकली. मागून कोणीतरी “फुल हाऊस!” म्हणून ओरडलं. फादरसुद्धा हसले.

अंत्यसंस्काराच्या वेळी मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. अख्खं चर्च शांत बसून राहिलं. कोणी खोकलं नाही, कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. बॉस्कोची माणसं ती... थांबायला शिकलेली.

गेल्या रविवारी मी, हल्ली राहतो त्या बोरिवलीहून, गावठाणात आयरीनला भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत त्याच्या आरामखुर्चीशेजारी बसलो. ती आत स्वयंपाक करत होती. म्हणाली, “तो गेल्यापासून दोनदा डाळ करपली माझी. कुकरच्या शिट्ट्या तो मोजायचा ना, इथे बसून. प्रत्येक शिट्टी पुकारायचा. मला मेलीला मोजायची सवयच नाही राहिली.” तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली. जरा वेळाने दुसरी. आत भांड्यांचा आवाज थांबला. मला गाता येत नाही, माझा आवाज फाटका आहे. तरी मी घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या सुरात म्हटलं, “दोऽऽन...”

आतून आयरीनचं हसू ऐकू आलं, आधी बारीक, मग चांगलं मोठ्याने. “अरे, किती बेसूर!” ती म्हणाली. “पण मोज. तीन झाल्या की सांग.”