वाशीचा शेर आणि नळदुर्गचा शेर

प्रोफेसरसाहेबांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि त्यातल्या दोन ओळींखाली शिसपेन्सिलीनं रेघ मारली. एका ओळीत वाशीच्या बाजारातला ज्वारीचा भाव होता, दुसरीत नळदुर्गचा. वाशीला रुपयाला नऊ शेर, नळदुर्गला साडेसात.

"हा फरक का आहे?" त्यांनी विचारलं.

"रस्ता खराब आहे, साहेब."

"हे तुम्ही बघितलंय की तुम्हाला वाटतंय?"

वाशी आमच्याच जिल्ह्यात, पण मी तिथं कधी गेलो नव्हतो.

तेव्हा मी हैदराबादला बी.ए. ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय इकॉनॉमिक्स. शिक्षण उर्दूतून, त्यामुळं पुस्तकावर नाव 'मआशियात'. मागणीला 'तलब' आणि पुरवठ्याला 'रसद' म्हणायचे. आमच्या घरी तलब म्हटलं की तंबाखूची. पहिले सहा महिने वर्गात तो शब्द आला की मला वडिलांची, म्हणजे आप्पांची, चंची आठवायची.

साध्या बी.ए.ला तीन-चार विषय थोडेथोडे शिकवत. ऑनर्सला एकच विषय खोलवर, आणि शेवटच्या वर्षी स्वतः माहिती गोळा करून एक निबंध लिहायचा. त्याला 'मकाला' म्हणत. माझा मकाला आमच्या जिल्ह्यातल्या धान्यबाजारांवर होता. आकडे मी 'निरखनाम्या'तून घेतले होते. निरखनामा म्हणजे आठवडी बाजारातल्या भावांचा सरकारी तक्ता. महसूल खात्याचा गिरदावर बाजारात जाऊन भाव विचारायचा, लिहायचा आणि कचेरीला पाठवायचा.

पुस्तकातला नियम सोपा होता. जवळच्या दोन बाजारांत भाव वेगळे असतील, तर स्वस्त बाजारातला माल महाग बाजाराकडं वाहतो. गाडीभाडं सोडलं तर काही दिवसांत दोन्हीकडचे भाव सारखे होतात. वाशी आणि नळदुर्गचे भाव पाच वर्षं सारखे झालेच नव्हते. आणि भाडं धरूनही फरक उरत होता.

"हे महत्त्वाचं आहे," प्रोफेसरसाहेब म्हणाले. "युद्धामुळं धान्याची टंचाई आहे. पुरवठ्याच्या समितीनं माझं मत मागितलं होतं. वाशीकडं ज्वारी स्वस्त, म्हणजे तिकडं जास्तीचा माल आहे, असं मी लिहून दिलंय. माल बाहेर का येत नाही, एवढं तुम्ही शोधा. तुमचा मकाला मी समितीपुढं ठेवीन. फर्स्ट क्लास आला तर इथंच असिस्टंटची जागा आहे."

ती जागा मला हवी होती. आमचं नळदुर्गला धान्याचं दुकान. तीन पिढ्या त्याच गादीवर बसलेल्या, आणि मला तिथं बसायचं नव्हतं.

मी गावाकडं आलो. मकाला द्यायला पाच आठवडे उरले होते. रस्त्याचं प्रकरण मी आधीच लिहून ठेवलं होतं, चाळीस पानांचं. आता फक्त तो रस्ता बघायचा होता.

धाराशिवपर्यंत सर्व्हिस मोटारनं गेलो. पुढं वाशीजवळच्या तेरखेड्याच्या दारूकाम करणाऱ्यांची गाडी मिळाली. कुठल्याशा लग्नाची आतषबाजी उरकून ते रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघाले होते. त्यांनी मला टोपल्यांच्या मधे बसवलं. रस्ता वाईट होता, पण गाड्या चालत होत्या. ज्वारीनं भरलेल्या सहा गाड्या आम्हाला समोरून आल्या. माझं प्रकरण तिथंच डळमळलं.

वाशीला दोन दिवस मी इतर कारणं तपासली. आधी नाणं. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया यांच्या किमतीत फरक होता, आणि सोलापूर जवळ असल्यानं आमच्याकडं कलदारही चालायचा. पण तक्त्यातले दोन्ही भाव हालीतच होते. मग ज्वारीची जात. ती दोन्हीकडं एकच निघाली. मग व्यापाऱ्यांना विचारलं, नळदुर्गला माल का पाठवत नाही?

एक आडत्या म्हणाला, "परवडत न्हाय."

"तिकडं भाव जास्त आहे."

"आसंल कागदावर. आमी एकदा नेली हुती. भाडं बी सुटलं न्हाय."

का सुटलं नाही, ते त्याला सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. ज्वारीच्या राशीपाशी गेनबा मापाडी बसले होते. मापाडी म्हणजे बाजारात धान्य मापून देणारा माणूस. गेनबांचं वय साठीकडं झुकलेलं. उजवा हात मापावर, तोंडानं मोजणी चालू. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ... दोन... तीन..." शेराचं माप राशीत खुपसायचं, वर काढायचं, तळहात फिरवून वरची ज्वारी राशीत पाडायची आणि गिऱ्हाइकाच्या पोत्यात ओतायचं.

मी बराच वेळ बघत होतो. काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग कळलं. तो फिरणारा तळहात आमच्याकडं नव्हता.

"मामा, शीग लावत नाही?" मी विचारलं. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग.

"शीग? तिकडं खालच्या अंगाला लावत्यात म्हनं. आमच्यात हात फिरवून द्यायचं. पयल्यापासनं तसंच हाय."

"गिऱ्हाईक तक्रार करत नाही?"

"कशाला करंल? त्याला ठावं हाय, शीग न्हाय. त्या हिशेबानंच भाव ठरतोय."

"आणि गिरदावरसाहेब भाव लिहून नेतात, ते माप बघतात का?"

"माप कशाला बघतील? ते इचारत्यात, रुपयाला किती? म्या सांगतो, नऊ. लिवत्यात अन् जात्यात."

बाजार संपल्यावर मी त्यांना विनंती केली. आडत्याच्या तराजूत एक माप सपाट भरून तोललं आणि वजन वहीत लिहिलं. मग त्याच मापाला शीग लावून तोललं. माप तोंडाला रुंद होतं, त्यामुळं शिगेत बरीच ज्वारी बसली. मी वही मिटली.

गेनबा बघत होते. म्हणाले, "पावनं, तुमी हैद्राबादेत शिकताय. एक इचारू?"

"विचारा."

"अवंदा लेव्ही जादा लावलीया आमच्यावर. आमच्याकडं ज्वारी जादा हाय म्हनत्यात. हे कुनी सांगितलं ओ त्यांना?"

लेव्ही म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं विकत घ्यायचं ते धान्य. कुणी सांगितलं, ते मला माहीत होतं. मी "चौकशी करतो" म्हणालो.

नळदुर्गला परत आल्यावर दुकानातलं माप घेतलं. वाशीच्या मापाएवढंच होतं. शीग लावून तोललं. दोन्हीकडचे भाव वजनावर आणले. वाशी आणि नळदुर्ग यांच्यात भाड्यापुरतासुद्धा फरक उरला नाही. वाशीचा शेर लहान होता, म्हणून रुपयाला जास्त येत होते. ज्वारी तेवढीच येत होती.

आप्पा गादीवरून बघत होते.

"आप्पा, आपण शीग का लावतो?"

"न्हाय लावली तर गिऱ्हाईक उठून जाईल, तम्मा." आप्पा मला लाडानं, कानडी वळणानं 'तम्मा' म्हणायचे.

"पण मग भाव चढा धरतो."

"मंग? शीग काय फुकट देतोय व्हय?"

जे शोधायला मी साठेक मैल गेलो होतो, ते आप्पांनी एका वाक्यात सांगितलं. मी आधी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतरचे दोन दिवस मी काही केलं नाही. रस्त्याची चाळीस पानं ट्रंकेत होती. टाइप करायला दिली की मकाला तयार. साहेबांना तेच उत्तर हवं होतं. शिगेबद्दल लिहिलं तर त्यांचं समितीला दिलेलं मत चुकीचं ठरत होतं, आणि मार्क देणार तेच होते. ती पानं चुकीची आहेत हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हरकत नाही. पण गेनबांनी विचारलेलं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी हैदराबादची गाडी धरली.

साहेबांनी वहीतली दोन पानं वाचली. परत पहिल्यापासून वाचली. चष्मा काढून पुसला.

"म्हणजे माझं मत चुकीचं होतं."

"तक्ता चुकीचा होता, साहेब."

"तक्ता मी वापरला. तुम्ही नळदुर्गचे. दुकानदाराचे चिरंजीव. शीग तुम्ही रोज बघत होता. वर्षभर हे लक्षात कसं आलं नाही?"

"रोज बघत होतो, म्हणूनच."

ते हसले नाहीत. "दोन बाजारांवरून समिती काही मानणार नाही. मी असतो तर मीही मानलं नसतं. निदान पाच बाजार पाहिजेत, प्रत्येक ठिकाणचं वजन आणि तिथल्या माणसाची सही."

"मुदतीला तीनच आठवडे राहिलेत."

"मुदत वाढणार नाही. उशिरा आलेल्या मकाल्याला फर्स्ट क्लासचे मार्क देता येत नाहीत, असा नियम आहे. तो मी तुमच्यासाठी मोडणार नाही. दोन बाजारांवर लिहून वेळेत दिलंत तर मी चांगले मार्क देईन, पण समितीपुढं ठेवणार नाही. पाच केलेत तर ठेवीन. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं होतं, ते मला समजावतील किंवा झापतील. त्यांनी दोन्ही केलं नाही, त्यामुळं निर्णय माझ्याच अंगावर राहिला.

मी परत जिल्ह्यात गेलो आणि आणखी तीन बाजार केले. एका ठिकाणी शीग, एका ठिकाणी सपाट, आणि एका ठिकाणी ओळखीच्याला शीग व परक्याला सपाट. त्या तिसऱ्या बाजारातल्या मापाड्यानं सही करायला दोन दिवस लावले. मकाला नऊ दिवस उशिरा पोचला. मला सेकंड क्लास मिळाला. असिस्टंटची जागा दुसऱ्याला गेली.

साहेबांनी शब्द पाळला. समितीला पत्र लिहून आधीचं मत मागं घेतलं आणि त्याला माझी पानं जोडली. काही महिन्यांनी निरखनाम्याच्या छापील कागदावर एक नवा रकाना आला : 'स्थानिक मापाचं वजन'. तो कुणी सुचवला, याची नोंद कुठंही नाही.

पुढच्या सुगीला मी मुद्दाम वाशीला गेलो. आपण काहीतरी केलं, हे गेनबांना सांगावं असं वाटत होतं. बाजाराच्या दिवशी ते त्याच जागी बसले होते. मी सगळं नीट सांगितलं. तक्ता कसा चुकला, तो कसा दुरुस्त झाला, अवंदा जादा लेव्ही लागणार नाही.

त्यांनी मोजणी थांबवून ऐकून घेतलं.

"अन् गेल्या साली नेली ती ज्वारी?"

"ती गेली, मामा. ती परत येणार नाही."

"म्हंजी कागद दुरुस्त झाला म्हना की."

"व्हय."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माप परत राशीत घातलं.

पुढं हैदराबाद संस्थान गेलं, माझी नोकरी मात्र भावांच्या तक्त्यांतच झाली. सरकारी आकडेवारी खात्यात तीस वर्षं काढली. हाताखाली नवीन ऑनर्सवाले आले की मी त्यांना पहिला आठवडा एकही आकडा लिहू द्यायचो नाही. बाजारात पाठवायचो, आणि संध्याकाळी एकच विचारायचो, मापताना मापाड्याचा हात कुठं होता? बहुतेकांना ते सांगता यायचं नाही. त्यांना मी दुसऱ्या दिवशी परत पाठवायचो.