बाजरीवरची सीडी
विट्याच्या रस्त्याला बाजरीच्या रानात काहीतरी लखकन चमकलं आणि म्हसवडकडचे ते म्हातारे धनगर आठवले. विश्रामबागेतल्या आमच्या सेंटरमध्ये ते बायकोला सीटी स्कॅनला घेऊन आले होते. तिच्या फुफ्फुसात एक ठिपका दिसत होता. जुनाच असेल तर फारसा घोर नव्हता. नवा असेल तर सुई घालून तुकडा काढावा लागणार होता. मी विचारलं, "आधीचा स्कॅन आहे का?" "हाय की. गेल्या साली साताऱ्यात काढलाय. त्येची सीडी रानात हाय." "रानात?" "आवं बाई, लय डाक्टरांकडं नेली. कुणाच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच न्हाई, कुणाकडं उघडंना. मग टांगली बाजरीवर, पाखरं भ्यायला." ती काढून घेऊन या म्हटलं. साताऱ्याला फोन केला, तर कॉम्प्युटरवर जागा पुरत नाही म्हणून तिथले जुने फोटो कधीच पुसून टाकलेले. दोन दिवसांनी ते सीडी घेऊन आले, सुतळीसकट. उन्हानं पांढरी पडलेली, काठीवर घासून चरे उमटलेले. आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये घातली; घरघरली आणि थांबली. म्हातारी बाकावरून नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सुईच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. जाताना त्यांनी सीडी परत मागून घेतली. "पाखरं तरी भित्यात हिला," म्हणाले. आज गाडीतून ते चमकणं मागं पडेपर्यंत मी बघत राहिले; कुणाचं फुफ्फुस टांगलंय, कुणास ठाऊक.