मे महिन्यात कूलर बंद

इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो मुलीमुळे. ती लग्न होऊन परदेशात गेली, आणि फोनवर बोलणं परवडेना. माझे यजमान कचेरीत कारकून होते, त्यांना इंग्रजी टाइपिंग येत होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. मुलगी पत्र मराठीतच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. मी कळमेश्वरकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलेली. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत. ते वाचायचे, मी ऐकायची.

आम्ही तेव्हा नागपूरच्या हुडकेश्वरला नवीन राहायला आलो होतो. आजूबाजूचे अर्धे प्लॉट रिकामेच होते. कॉम्प्युटर विकणाऱ्याने यांना सांगितलं होतं, मशीन तापू देऊ नका. यांनी ते देववाणीसारखं धरलं. घरात कूलर एकच, मागच्या खोलीच्या खिडकीत. म्हणून कॉम्प्युटर त्याच खोलीत मांडला. आधी कूलर लावायचा, खोली गार झाली की मग मशीन चालू करायचं, असा नेम होता. मी दुपारी जरा कूलर लावला तर कुरकुर करणारा हा माणूस मशीनसाठी मात्र मला कूलरच्या टाकीत बादल्यांवर बादल्या ओतायला लावायचा.

मुलगी दर रविवारी सकाळी फोन करायची. जावई जवळच असायचा, त्याचा आवाज मागे ऐकू यायचा. त्या रविवारी तिने लोणचं घातलं का विचारलं, बाबांचा गुडघा विचारला, पण उत्तर ऐकायला थांबत नव्हती. शाळा तपासायला साहेब आल्यावर मुलं बोलतात तसं बोलत होती. मग मागे दार लागल्याचा आवाज आला. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबाले म्हण मेल पाहा. आजच पाहा." आणि फोन ठेवला.

मी यांना सांगितलं. यांनी कूलर लावला, मग मशीन लावलं. मोडेम नेहमीसारखं किंचाळलं, खरखरलं आणि लागलं. तीन पत्रं आली आहेत असं पडद्यावर दिसलं. पहिली दोन यांच्या कामठीच्या मित्राची. त्याला देवांचे फोटो पाठवायची हौस. फोटो जड असतात, थेंब थेंब उतरतात. पहिला देव अर्धा आला आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं तर तोच देव पहिल्यापासून. मुलीचं पत्र दोन देवांच्या मागे अडकून पडलं होतं.

यांनी वायर काढून पुन्हा खोचली. मोडेम बंद करून चालू केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लागायचं, आणि जरा वेळाने तुटायचं. टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केली. माणूस येईल म्हणाले, कधी ते सांगितलं नाही. मी म्हटलं, चौकातल्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन पाहा. ते गेले आणि तसेच परत आले. तिथे पासवर्ड मागतात. तो आमच्या पुतण्याने मशीनमध्ये भरून ठेवला होता. आमच्या पडद्यावर त्याच्या जागी नुसते ठिपके दिसायचे. पुतण्याला विचारलं तर त्यालाही आठवेना.

नेट लावलं की फोन एंगेज होतो. म्हणजे पत्र आणायला बसावं, तर तेवढ्यात तिचा फोन आला तर तो लागणार नाही. फोन मोकळा ठेवावा, तर पत्र तिकडेच राहणार. एकदा हे, एकदा ते, असं करत आम्ही तो दिवस काढला. संध्याकाळी मी यांना तिच्या घरी फोन लावायला सांगितला. तिकडे सकाळ चढली होती. जावयाने उचलला. ती झोपली आहे, उठली की फोन करायला सांगतो, असं फार गोड बोलला. ही पोरगी लहानपणापासून कोंबड्याच्या आधी उठणारी. त्याच्या गोड बोलण्याची मला जास्त भीती वाटली. पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही. तिने काही लिहिलं आहे हे त्याला कळलं तर? त्या दारामागे काय होईल, ते आम्हाला नागपुरात बसून दिसणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी कूलर लावायच्या आधी मी रिसीव्हर उचलून ऐकला होता, आवाज स्वच्छ होता. दुपारी, यांची लाइन तुटल्यावर, पुन्हा ऐकला. आत कढईत मोहरी तडतडावी तसं तडतडत होतं. मी रिसीव्हर ठेवला आणि टाकी भरायला बादली घेऊन मागच्या अंगाला गेले.

तिथे उभी राहून मी पाहिलं. टेलिफोनची वायर त्याच खिडकीतून आत येत होती, कूलरच्या खालून. तिला तिथे जोड होता. वरची काळी टेप उन्हाने सुटली होती, आणि कूलरच्या गवताच्या ताटीचं पाणी टप टप त्या जोडावर पडत होतं. आम्ही पत्र आणायला बसायचो तेव्हा आधी जोडाला पाणी घालायचो. वायरीतलं मला काही कळत नाही, पण पाणी कुठे मुरतं ते कळतं.

आत येऊन मी कूलरचं बटण बंद केलं.

"काहून बंद करून राहिली वं?"

"जोडावर पाणी पडून राहिलं. म्हणून लाइन तुटते."

"मशीन पेटलं म्हणजे? मग काय राख वाचतं का?"

"पेटू द्या. पोरीचं पत्र आल्यावर पेटू द्या."

जुन्या लुगड्याच्या चिंधीने मी जोड पुसला. बाहेरचा वारा असा होता की वाळायला वेळ लागला नाही. यांनी पुन्हा नेट लावलं. मी कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन मशीनला वारा घालत उभी राहिले. खोली भट्टीसारखी झाली. यांच्या कपाळाचा घाम टाइपाच्या बटणांवर पडत होता, तो मी पदराने टिपत होते, न जाणो त्यानेही तुटायचं. पहिला देव पुरता उतरला. मग दुसरा. मग मुलीचं पत्र आलं.

यांनी ते मनात वाचलं. मग म्हणाले, ठीक आहे म्हणते.

"तुमच्या तोंडावर ठीक नाही दिसून राहिलं. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. जावई मारत होता, लग्नानंतर लगेचच सुरू झालं होतं. बाहेर जाताना कुलूप लावून जायचा, आणि ती फोनवर बोलायची तेव्हा शेजारी बसायचा. पत्र तिने लायब्ररीतून लिहिलं होतं, तेवढ्या एकाच ठिकाणी तो तिला जाऊ द्यायचा. बुधवारी पुन्हा जाईन आणि उत्तर पाहीन, असं होतं. त्याने पासपोर्ट कुठे ठेवला आहे ते तिला सापडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, आई, मी परत येऊ का?

यांनी टाइप करायला सुरुवात केली. मी विचारलं, काय लिहिता? म्हणाले, थोडं सबुरीनं घे, आम्ही त्याच्या वडिलांशी बोलतो, असं लिहितो. मी त्यांचा हात बटणांवरून उचलला.

"तिनं सल्ला नाही मागितला. येऊ का म्हणून विचारलं."

"मग काय लिहू?"

"ये, म्हणून लिहा. बाकीचं त्याच्या खाली. लाइन तुटली तर तेवढं तरी जाईल."

"पत्र असं अर्धं जात नाही वं."

"तरी वरच लिहा."

त्यांनी आधीचं पुसलं. ये लिहिलं, तिकिटाचं आम्ही पाहतो लिहिलं, आणि पाठवलं. पडद्यावर गेलं म्हणून दिसलं. माझा त्यावर भरवसा बसला नाही. फोनवर ती झोपली आहे असंही ऐकायला मिळालं होतं.

बुधवार गेला. तिचं उत्तर येईपर्यंत मी कूलरला हात लावू दिला नाही. हे ओला पंचा डोक्यावर घेऊन मशीनपुढे बसायचे. कुरकुर एकदाही केली नाही. गुरुवारी एका ओळीचं पत्र आलं, येते म्हणून. नंतर टेलिफोनचा माणूस येऊन जोड बदलून, वायर दुसऱ्या खिडकीतून घालून गेला. आता कूलर लावायला हरकत नाही, हे म्हणाले. मी नाही म्हटलं. विमानात बसेपर्यंत काय वाटेल ते होऊ शकतं, आणि तिला जे सांगायचं ते या वायरीतूनच येणार होतं.

ती एक बॅग घेऊन आली तेव्हा ऊन तसंच होतं. मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. मनगटावर हिरवं-काळं दिसत होतं, ते तिने ओढणीखाली घेतलं. मग तिने खिडकीकडे पाहिलं.

"बाबा, कूलर बिघडला का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली आणि नळावर गेले.