दोरी चढवलेलं धनुष्य

ती घटना मनातून जातच नाही. दसऱ्याला कुणी सोनं पुढे केलं, की आजही माझा हात आखडतो. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा उत्तर लंडनच्या एका पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो, आणि तिथला एकटाच मराठी माणूस.

स्टॅनमोरमध्ये घरांच्या मागून एक पायवाट जाते. तिथे कुत्रा फिरवणाऱ्या एका रिटायर्ड बस ड्रायव्हरच्या गुडघ्यात बाण घुसला. साधा नाही, शिकारीचा, धारदार पात्याचा. इंग्लंडमध्ये धनुष्य ठेवायला लायसन्स लागत नाही, पण त्यानं शिकार करायला बंदी आहे. त्यामुळे ठाण्यात एकच चर्चा, कुणीतरी चोरून हरणं मारतोय. मी पुराव्याची पिशवी उजेडात धरली. बाणाच्या पिसांपाशी लाल-पिवळा डाग होता.

"पेंट असेल, सार्ज," माझा कॉन्स्टेबल म्हणाला.

"पेंट कसला! हळदीकुंकू आहे. आज आमची खंडेनवमी, घरोघरी शस्त्रांची पूजा असते." बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं. म्हणजे आपल्याच कुणाच्या तरी दारावर जायचं होतं.

तेवढ्यात एका शेजारणीचा फोन आला. पायवाटेला लागून असलेल्या एका इंडियन घरात भिंतीभर धनुष्यं टांगलेली आहेत म्हणे. गेलो. दार उघडणारा चाळिशीतला, नागपूरकडचा, वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. जुनी अमेरिकन शिकारी रिकर्व्ह धनुष्यं जमवायचा त्याला नाद. टोकं पुढे वळलेली, लाकडाला आरशासारखं पॉलिश. प्रत्येकाच्या मुठीवर कुंकवाचं बोट. सगळी दोरी उतरवलेली, एकाचीच चढवलेली. सोफ्यावर फुल बाह्यांच्या स्वेटरमध्ये त्याचे वडील बसले होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले.

मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मीच, सर. गार्डनमध्ये टार्गेटवर मारत होतो, फेन्सवरून गेला."

पोलिसात एक शिकलो होतो. न विचारता कबूल करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, त्याच्या मागे कोण बसलंय ते बघावं. तरीही कबुली म्हणजे कबुली. अटक केली, ठाण्यात आणलं, वकील बसवला, टेप सुरू केली. तो घडाघडा बोलत होता. मी विचारलं, "ते एकच धनुष्य दोरी चढवलेलं का?" तिथे गडी अडखळला. त्याच्या तिरंदाजी क्लबच्या सेक्रेटरीनं मला आधीच सांगितलं होतं, की हा माणूस मारून झालं की चहा घ्यायच्या आधी दोरी उतरवतो. ताणून ठेवलेलं जुनं धनुष्य मरतं म्हणे. आणि त्याचं ऑफिस सांगत होतं, तो दुपारभर तिथेच, लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला क्रॉयडनला होता.

सकाळी पुन्हा त्याच्या घरी गेलो. दसरा होता. वडिलांनी दार उघडलं आणि सवयीनं, येताना नागपूरहून पुस्तकात दाबून आणलेलं आपट्याचं पान दोन्ही हातांनी पुढे केलं. "घ्या साहेब, सोनं घ्या." नाही कसं म्हणणार? वाकून पान घेतलं. त्यांच्या बाह्या मागे सरकल्या होत्या. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा वळ. नवख्या माणसाला दोरी तिथेच फटका देते.

मी वळाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"पोरगा खोटं बोलून राहिला, साहेब," ते खाली बसत म्हणाले. "बाण मी सोडला. म्हणे, बाबा, तुम्ही तोंड उघडू नका. रातभर डोळ्याला डोळा नाही लागला. जन्मभर शाळेत पोरांना खेळ शिकवले, वाटलं एकदा आपणही ओढून पाहावं. पुरतं ओढवलंच नाही, दोरी बोटांतून सुटली अन् बाण फेन्सवरून गेला." मग हळूच, "त्या माणसाचा पाय वाचंल न?"

एवढ्या तपासात हा प्रश्न विचारणारे ते पहिले.

मुलाला सांगितलं तेव्हा तो ढसाढसा रडला. "सर, दोरी मी चढवली. बाबा म्हणाले, उतरवलेल्या धनुष्याची कुठे पूजा करतात का? त्यांच्या हट्टापायी चढवली आणि तशीच ठेवून ऑफिसला गेलो. मला माहीत होतं, दोरी चढवून ठेवू नये. हे लिहा ना!" लिहिलं. पण त्याला कलम नव्हतं.

वडिलांचं वय बघून कोर्टानं तुरुंगात घातलं नाही. ते नागपूरला गेले ते गेलेच. ड्रायव्हरचा गुडघा कायमचा ताठ राहिला. खोट्या जबाबाची केस अंगावर असल्यानं मुलाचा व्हिसा रखडला, आणि पासपोर्ट क्रॉयडनच्याच सरकारी व्हिसा ऑफिसात अडकलेला असतानाच वडील वारले. त्याला अग्नी द्यायलाही जाता आलं नाही.

सत्य शोधणं पोलिसाचं काम, आणि ते मी चोख केलं. पण सत्य सापडलं की सगळं मार्गी लागतं, हे ट्रेनिंगमध्ये ठीक आहे. या केसमध्ये त्यानं कुणाचंही भलं झालं नाही, आणि तरी मी दुसरं काही करू शकलो नसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही घेऊनच जगावं लागतं.

वडील गेल्यावर त्याचा मला एकदाच फोन आला. मला वाटलं शिव्या घालेल. तो शांतपणे म्हणाला, "सर, तो बाबांचा शेवटचा दसरा. मी तुमच्या कोठडीत होतो. त्यांनी सोनं फक्त तुम्हालाच दिलं. ते पान आहे का हो अजून?"

पान कोटाच्या खिशात ठेवलं होतं. त्याच दिवशी कधीतरी त्याचा चुरा झाला होता.