सुशीलाचा जबाब

"तुमच्या सावलीला न शिवणारा माणूस तुझ्या बहिणीला शिवेल? काय रे, शाळा शिकलास ना?"

फौजदार हसला. म्हणून शिपाईही हसले. अक्का पोलीस चौकीच्या पायरीखाली बसली होती, पदर तोंडावर ओढून. खांद्यापाशी फाटलेलं पातळ तिनं बाभळीच्या काट्यानं टाचलं होतं. मी एकोणीस वर्षांचा. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवस्तीतला पहिला मॅट्रिक. अक्काला मक्याच्या शेतात ओढणारा गावातल्या बड्या बागायतदाराचा मुलगा होता. त्यांच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही. अक्काला शिवताना त्याला काही आठवलं नाही.

दुपार उलटली तेव्हा फौजदारानं अक्काला टेबलाशी बोलावून कागद ओढला. भराभर लिहिलं. "चल बाई, अंगठा दे."

मी टेबलापलीकडून उलटं वाचलं. 'बांधावरून भांडण होऊन धक्काबुक्की झाली.'

"साहेब, अक्का असं बोललीच नाही."

त्यानं कानाखाली मारली. मी अक्काचा हात मनगटाला धरून ठेवला. अंगठा द्यायचा नाही. दुसरी बसली. तरी हात सोडला नाही.

आठवड्यानं मोर्चा निघाला. नाशिकला द्वारका चौकात जमून कलेक्टर कचेरीवर. "बायांना पुढं घ्या!" आमच्या संघटनेचे अध्यक्ष ओरडत होते. पुढं बाया असल्या की पोलीस लाठी उचलताना विचार करतात, हा आमचा हिशोब. लाठी पडलीच तर कुणावर, हा विचार कुणी केला नाही. मीही नाही. पहिल्या रांगेत सुशीला होती. नवऱ्यानं टाकलेली, विड्या वळून पोट भरणारी. तिचा आवाज अध्यक्षांच्या वर जायचा. "जबाब लिवा! खरा लिवा!"

गुन्हा नोंदला गेला. मला वाटलं, झालं. असे आणखी दहा मोर्चे निघाले की बाईच्या अंगावर हात टाकायची कुणाची छाती होणार नाही.

त्यानंतर वस्तीतला प्रत्येक कागद आधी माझ्याकडे यायचा. मी वाचून दाखवायचो, मगच लोक अंगठा उठवायचे. मला संघटनेचा चिटणीस केलं ते त्यासाठीच.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. सुशीला भरउन्हात माझ्या दारात आली. बसली नाही. "भाऊ, अध्यक्षांनी संघटनेच्या कचेरीचं दार लावून घेतलं. जबरदस्ती केली माझ्यावर. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. समितीपुढे नेलं. आत आम्ही सात पुरुष, ती बाहेर.

"आत्ता हे काढलं तर गाव हसंल आपल्याला," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "टाकलेली बाई ती. तिला अध्यक्ष कशाला शिवतील?"

ते वाक्य मी ओळखलं. गालाला आधी कळलं, मग मला.

अध्यक्ष शांत होते. "चिटणीस, तुमचं अक्षर चांगलं आहे. मिटवून टाका."

मी नवा कागद घेतला. 'गैरसमजातून बोलाचाली झाली. माझी तक्रार नाही.' खाली कार्बन घालून दोन प्रती केल्या. बाहेर येऊन सुशीलाला वाचून दाखवलं ते मात्र तिनंच सांगितलेलं, शब्दन् शब्द. तिनं अंगठा दिला. शाई पदराला पुसली, तिची प्रत कनवटीला लावली. आणि विचारलं, "आता मोर्चा कवा?"

गेल्या महिन्यात अध्यक्षांच्या सत्काराची पत्रिका आली. वय नव्वद. 'शोषितांच्या लेकीबाळींचा कैवारी' असं छापलंय. त्याच दिवशी मी सटाण्याची एसटी धरली. सुशीला तिथे भाचीकडे असते. ओसरीवर कांदे निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"ठावं हाय. भाचीनं कवाच वाचून दावलं. कागद हाय माझ्यापाशी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले व्हते की. तुमच्यापाशी."

मी पायांना हात लावायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. "ते नगं. सत्काराला जा. माझं नाव घेऊ नका. त्याचं घ्या. तुमचं बी घ्या."

म्हणून सुशीला हे नाव मी दिलेलं आहे, तिचं नाही.

मोर्च्यांनी हे थांबेल का, असं तरुण मुलं मला विचारतात. फौजदाराच्या दारात मोर्चा नेणं आम्हाला जमलं. आमच्या कचेरीच्या दारात तो आला नाही, कारण ते दार मी आतून धरलं होतं. माझ्यासारखे प्रत्येक संघटनेत बसलेत. चांगल्या अक्षराचे.

येत्या रविवारी सत्कार आहे. हार गळ्यात पडायच्या आधी मी उठणार. माईक दिला नाही तर बिनमाईकचा बोलणार. बाहेर काढलं तर रस्त्यावरून. त्याचं नाव, मग माझं.