मास्तर सोडून सात

एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाजवळ निवृत्तीनंतर काय उरतं? कंबरदुखी उरते, बसून गेलेला आवाज उरतो आणि माणसं मोजायची खोड उरते. प्रवासी त्यांना मास्तर म्हणायचे, तेव्हा आपणही मास्तरच म्हणू. चार माणसं कुठे जमली रे जमली, की मास्तरांची नजर मागच्या रांगेपासून पुढे सरकायला लागायची. बायको होती तोवर ती कोपर मारून म्हणायची, "अहो, लग्नाला आलोय आपण. इथून एखादा सुटला तरी चालेल." ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. आता घरात मोजायलाही कोणी नव्हतं.

मोजायची त्यांची रीत ठरलेली. स्वतःला कधी धरायचं नाही; कंडक्टरच नसेल तर घंटा देणार कोण? आकडा जुळला की दोन घंटा द्यायच्या, आणि गाडी हलल्यावर सगळ्यात शेवटी आपण चढायचं. या रीतीवर एकतीस वर्षं निघाली. फक्त एकदा एक म्हातारबुवा थांब्यावर राहिले होते. दोन मिनिटांत मास्तरांच्या लक्षात आलं आणि ड्रायव्हरच्या शिव्या खात त्यांनी बस मागे घेतली. म्हातारबुवांना तर आपण मागे राहिलो होतो याचा पत्ताच नव्हता. ही गोष्ट मास्तर इतक्या वेळा सांगत, की घरातली पोरं ती त्यांच्याआधी संपवत.

त्या वर्षी थंडीच्या सुट्टीत मुलगा आणि मुलगी आपापली गाडी घेऊन त्यांना न्यायला आले. दिवसभराचा रस्ता, मुलाच्या शहरापर्यंत. निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, आठवडाभर राहून बघा. करमलं, तर ही खोली सोडून टाकू. एकटे किती दिवस राहणार?"

मास्तरांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. ती मुलाच्या हातात द्यायची की परत आणायची, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. खरं सांगायचं तर द्यायचीच असं मनात नव्वद टक्के ठरलं होतं. रिकाम्या खोलीत स्वतःच्याच खोकल्याने दचकण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

मुलाच्या गाडीत तो, सून आणि नात. मुलीच्या गाडीत ती, जावई आणि दोन नातू. आजोबा आमच्या गाडीत, यावरून पोरांची जुंपली, तेव्हा तोडगा निघाला की प्रत्येक थांब्याला आजोबांनी गाडी बदलायची. मास्तर खूश होते. पहिल्या थांब्याला त्यांनी मोजलं, "सात, चला." दुसऱ्या थांब्याला मोजलं, "सात, चला." जावई हसून म्हणाला, "बाबा असल्यावर आपल्याला काही बघायलाच नको."

दुपारी एका रस्त्याकडेच्या हॉटेलवर चहा झाला. बाहेर धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. काचा वर करून सगळे गाड्यांत बसले. मास्तर दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभे राहिले आणि काचांतून मोजलं. सात. मुलीच्या गाडीच्या टपावर त्यांनी दोनदा थाप मारली. मागे वळून मुलाच्या गाडीच्या टपावर दोनदा मारली. दोन्ही गाड्या निघाल्या. आता चढायचं म्हणून मास्तरांनी हात पुढे केला, तर धरायला दांडा नव्हता. दारंही बंद होती. या गाडीला वाटलं ते त्या गाडीत, त्या गाडीला वाटलं ते या गाडीत.

"अरे, अरे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग त्यांना हसूच आलं. घड्याळात पावणेतीन झाले होते. येतील आत्ता वळून, म्हणून ते कडेला उभे राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. हॉटेलची मालकीण काउंटरवरून हे सगळं बघत होती. ती बाहेर आली. "आजोबा, फोन लावा की."

"फोन मुलाच्या गाडीत राहिला. चार्जिंगला लावलाय."

"मग माझ्यावरून लावा. नंबर पाठ आहे ना?"

नंबर पाठ होता. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. मास्तर म्हणाले, "कशाला? येतीलच."

फोन केला असता तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. पण मग आपण नाही हे त्यांचं त्यांना कळलं असतं का, हे मास्तरांना कधीच समजलं नसतं. आणि त्यांना तेच हवं होतं. हट्टच म्हणा, पण सत्तरीच्या माणसाला एवढा एक हट्ट माफ असावा. पुढचा थांबा पेट्रोल पंपाचा, चाळीस मिनिटांवर. मुलानेच सांगितलं होतं. त्याच्या आत वळले तर सव्वाचारच्या आत कधीही येतील. मग किल्ली मुलाच्या हातात. पंपावर उतरल्यावरच कळलं, तर मात्र...

ते बाकावर बसले. थंडी पायांतून वर चढत होती. मालकिणीने न मागता चहा आणून ठेवला. साडेतीन वाजले. दर गाडीला त्यांची मान वर होई आणि गाडी निघून जाई. चार वाजले. सव्वाचार वाजले. मास्तरांनी घड्याळ बाहीखाली सारलं. त्यांना फार एकटं वाटलं; बायको गेली त्या दिवशीही घर भरलेलं होतं.

चार पंचविसाला मुलाची गाडी आली. तो धावतच उतरला, त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा! अहो, दहा मिनिटांतच लक्षात आलं, पण वळायला जागाच मिळेना. ताई पुढे थांबलीय."

एकतीस वर्षं वेळापत्रक पोटात घेऊन फिरलेल्या माणसाला हे सांगत होता. मास्तर म्हणाले, "चूक माझीच रे. घंटा मीच दिली."

सुनेने त्यांच्या अंगाभोवती शाल गुंडाळली. गाडी निघाली, तशी नात त्यांना चिकटून म्हणाली, "आजोबा, माहितीये? पंपावर आम्ही बिस्किटं खाल्ली, सगळे गाडीत बसलो, पण 'सात, चला' कुणी म्हणेचना. कितीतरी वेळ वाट बघितली. मग पप्पा म्हणाले, आजोबा कुठायत?"

सुनेने तिचा हात दाबला. मुलगा आरशात न बघता गाडी चालवत राहिला. पोरं वाईट नव्हती, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना घंटा आठवली होती, एवढंच. माणूस त्यानंतर आठवला.

आठवडा चांगला गेला, म्हणजे वाईट असं काही झालं नाही. सकाळी सगळे आपापल्या वाटेने जात, संध्याकाळी दमून येत. मधल्या वेळात मास्तर खिडकीतून समोरच्या इमारतीचे मजले मोजत. शेवटच्या दिवशी मुलाने विचारलं, "मग बाबा, खोलीचं काय करायचं?"

"असू दे अजून," मास्तर म्हणाले. "बसने जाईन मी. सवय आहे."

मुलाने दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही.

बसमध्ये त्यांना मधल्या रांगेत खिडकी मिळाली. कंडक्टर एक तरुण बाई होती, बॅग खांद्यावर, पेन्सिल कानावर. मास्तरांनी बसल्या बसल्या मागून पुढे मोजून घेतलं. बत्तीस. बाई मागच्या रांगेपासून निघाली, प्रत्येक सीटच्या पाठीवर पेन्सिल टेकवत पुढे गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "तेहेतीस."

एक जास्त. नवी आहे बिचारी, मास्तरांना वाटलं. "अहो बाई, एक..." म्हणत त्यांनी हात वर केला, आणि तो तसाच राहिला.

"काय झालं आजोबा?"

मास्तरांनी हात खाली घेतला.

"काही नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. तेहेतीसच."

बाईने दोन घंटा दिल्या.