चादरीखालचं प्लास्टिक

तेक्लाचा राग जुना. बेटावरच्या फेरीबोटीत पॅनकेक भाजण्यात तिचा जन्म गेला, आणि तिच्या तोंडाला लागायला कप्तानही धजावत नसे. पण खरा राग धाकट्या बहिणीपायीचा. मायकेन बाळंतपणात रक्त जाऊन गेली. पाद्री म्हणाला, देवाची इच्छा. बाया म्हणाल्या, बाळंतपण म्हटलं की असं व्हायचंच. पुढे तेक्लाचा दात काढला नि रक्त थांबेना, तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की तुमचं रक्त नीट गोठत नाही, आणि हे घराण्यातून येतं. औषध आहे, फक्त आधी सांगायला हवं.

रक्त तपासून घ्या, असं सांगत तेक्ला घरोघर फिरली. "आमच्यात सगळ्यांचं असंच असतं गं," म्हणत बायांनी दारं लावून घेतली.

मिडसमरच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दिवशी कोठारात बसून बाया उभारायच्या खांबासाठी बर्चच्या पानांच्या माळा बांधत होत्या. मधली बहीण सोल्वेग सहज म्हणाली, "सोमवारी आमच्या एल्लेनचे टॉन्सिल काढायचेत."

"रक्ताचं सांगितलंस?"

"नर्सनं फोनवर विचारलं, घरात कुणाला जास्त रक्त जातं का. नाही म्हटलं. जास्त कुठे? नेहमीसारखंच तर जातं."

तेक्लाच्या हातातली फांदी मोडली. "मग मायकेन नेहमीसारखीच मेली का?"

"ताई, सणासुदीला मढी उकरू नकोस."

खांब उभारणीचा कारभारी रूने दारातून बोलला, "बायकांचं बायकांत ठेवा. आधीच शहरवाले आपल्याला रक्ताळं बेट म्हणून हसतात. आणखी शोभा नको."

"तुझी पोर दर महिन्याला शाळेत घेरी येऊन पडते, ती काय नाचून नाचून?"

तेक्ला उठून उभी राहिली.

"एकच विचारते. कुणाकुणाच्या चादरीखाली प्लास्टिक आहे?"

माळा बांधणारे हात थांबले. वर मात्र एकही आला नाही.

"लाजता कशाला? माझ्या होतं. पाळी जाईपर्यंत काळ्या स्कर्टशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नाही मी."

म्हाताऱ्या हेल्मीनं मान खाली घालूनच हात वर केला. "आमच्या वेळी मेणकापड असायचं." तिच्यामागून आणखी दोघींचे हात आले.

कोपऱ्यात फुलं निवडणारी एल्लेन म्हणाली, "आई, माझ्याही आहे ना. म्हणजे सगळ्यांच्या नसतं?"

तेक्लानं मोबाइल सोल्वेगच्या मांडीवर टाकला. "दवाखान्यात लाव."

"सणाच्या तोंडावर कोण उचलेल?"

"वॉर्डाला सण नसतो. लाव."

फोन लागला. "एल्लेनची आई बोलतेय. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं होतं. ते हो आहे. माझी बहीण त्यातच गेली." मग ती नुसतीच हो, हो म्हणत राहिली. सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. आधी रक्त तपासायचं ठरलं.

"झालं समाधान?" फोन ठेवत ती फणकारली.

"नाही," तेक्ला म्हणाली, आणि रूनेकडे वळली. "तुझ्या पोरीला बोलाव."